अधिवासाची प्रतिकृती (शालेय प्रकल्प)

प्राणी जिथे राहतो, खातो, लपतो आणि पिल्ले वाढवतो त्या परिसराचा खोक्यात किंवा फळीवर उभारलेला छोटा देखावा. परिसर अभ्यास आणि विज्ञान या विषयांचा प्रकल्प म्हणून शाळांत तो करून घेतात. बुटांचा किंवा एखाद्या यंत्राचा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवायचा, समोरची बाजू कापायची आणि आत जमीन, झाडे, पाणी व प्राणी मांडायचे, ही त्याची रूढ पद्धत.

संग्रहालयांतल्या अशा देखाव्यांना डायोरामा म्हणतात. फ्रेंच चित्रकार लुई दागेर याने १८२२ मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या डायोरामात प्राणी नव्हते. मोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर प्रकाश बदलून तो दृश्ये दाखवी. प्राण्यांना त्यांच्या भोवतालासह मांडण्याच्या कलेत मृत प्राण्यांत पेंढा भरून ते जिवंत भासवणारा अमेरिकन कलाकार कार्ल एकली याचे नाव आघाडीवर आहे. अमेरिकेतील मिलवॉकीच्या संग्रहालयात त्याने १८९० मध्ये केलेला मस्करॅटचा (पाणथळीत राहणारा उंदरासारखा प्राणी) देखावा आजही आहे. पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी गोरिलाचा देखावा करायचा ठरला, तेव्हा तो चित्रकार विल्यम ली याला घेऊन आफ्रिकेत गेला, कारण मागचा पडदा प्रत्यक्ष डोंगर पाहूनच रंगवायचा होता. त्याच मोहिमेत, १९२६ मध्ये, एकलीचा मृत्यू झाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागातही रोहित (फ्लेमिंगो), धनेश, गवा, वाघ असे देखावे आहेत. तेथे मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून १९२६ मध्ये सालिम अली रुजू झाले होते.

महाराष्ट्रातल्या मुलांचा हात मात्र दिवाळीच्या किल्ल्यावर आधीच बसलेला असतो. माती कालवणे, उतार देणे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यामुळे खरी अडचण हस्तकौशल्याची नसून निवडीची असते. ‘जंगल’ असा मोघम विषय घेतला की एकाच खोक्यात वाघ, हत्ती, जिराफ आणि धबधबा येऊन बसतात, आणि असा परिसर पृथ्वीवर कुठेच नसतो. म्हणून ठिकाण नाव घेऊन ठरवावे. मग कोणता प्राणी, कोणते झाड, पाणी किती, हे सगळे त्या ठिकाणावरूनच ठरत जाते.

उदाहरणार्थ, ठाण्याची खाडी. तिचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. १:२० हे प्रमाण धरले तर चार मीटरचे तिवराचे (खारफुटीचा एक प्रकार) झाड २० सेंटिमीटरचे होते आणि ९० सेंटिमीटर उंचीचा छोटा रोहित साडेचार सेंटिमीटरचा. दोन्ही खोक्यात नीट बसतात. निवटी (चिखलावर सरपटणारा छोटा मासा) मात्र जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची होते आणि चिखलातले छोटे खेकडे दिसेनासेच होतात. म्हणून खोक्याच्या पुढच्या कडेला चिखलाचा उभा छेद वेगळ्या, मोठ्या प्रमाणात करावा आणि ते प्रमाण शेजारी लिहावे. बिळे, बिळाच्या तोंडाशी आलेला खेकडा आणि पुढच्या परांवर उचललेली निवटी त्या छेदात दाखवता येतात. नर फिडलर खेकड्याची एकच नांगी मोठी असते, एवढे विसरू नये.

जमिनीसाठी शाडू आणि कागदाचा लगदा एकत्र मळून घ्यावा. नुसता शाडू वाळताना तडकतो आणि त्याच्या ओलीने पुठ्ठाही वाकतो, म्हणून खोक्याच्या तळाला आधी फेविकॉलचे दोन हात द्यावेत. जमीन सपाट करू नये. पाण्याकडे उतरती ठेवावी, कारण खाडीचे सारे जीवन दिवसातून दोनदा चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यावर चालते. भरतीची रेषा झाडांच्या बुंध्यांवर रंगाने दाखवता येते. वाळल्यावर चिखलावर फेविकॉलचा अगदी पातळ थर दिला की तो पारदर्शक होतो आणि चिखल ओला दिसतो. जाड थर पांढुरका राहतो.

तिवराची श्वसनमुळे हा या प्रतिकृतीचा प्राण. दलदलीत हवा खेळत नाही, म्हणून ही मुळे चिखलातून सरळ वर येतात आणि अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. खराट्याच्या हिरांचे एक सेंटिमीटरचे तुकडे त्यासाठी उत्तम. मुले ते चिखलात कुठेही खोचतात, पण खऱ्या झाडात जमिनीखालची आडवी मुळे बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली असतात आणि श्वसनमुळे त्यांच्याच ओळीत उगवतात. तशा ओळी केल्या की न दिसणारी मुळेही पाहणाऱ्याला कळतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाची कमानदार आधारमुळे तारेवर सुतळी गुंडाळून करावीत.

रोहित झाडांत उभे करू नयेत. ते ओहोटीच्या उघड्या चिखलावर चरतात. चोच उलटी धरून ते पाण्यातले सूक्ष्म शैवाल गाळून खातात, म्हणून एक-दोन पक्ष्यांची मान तरी पूर्ण खाली वळलेली हवी. पायात मागे वळणारा जो सांधा गुडघा वाटतो तो खरे तर घोटा आहे. खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. बारीक तार त्या जागी वाकवली की पक्षी खरा दिसू लागतो. झाडांच्या कडेला एखादा कोल्हा दाखवायलाही हरकत नाही. मुंबई परिसरातल्या खारफुटीत तो खरोखरच राहतो.

साहित्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खऱ्या खारफुटीची फांदी किंवा मूळ तोडून आणू नये. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. जिवंत खेकडे, मासे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांनाही प्रकल्पात जागा नाही. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी असल्याने डोंगर-उतारासाठी चुरगळलेले वर्तमानपत्र आणि लगदा वापरावा. तो हलका राहतो आणि रंगही चांगला धरतो.

प्रतिकृतीसोबत अर्ध्या पानाची टीप जोडतात. तिच्यात ठिकाण, ऋतू, भरती की ओहोटी, वापरलेले प्रमाण आणि कोण काय खातो एवढे लिहावे. ठाण्याच्या खाडीत रोहित मोठ्या संख्येने हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिसतात. म्हणून मागच्या पडद्यावर पावसाळी ढग रंगवलेले असतील तर परीक्षकांनी त्याबद्दल जरूर विचारावे.