मुका रेकॉर्ड प्लेअर आणि विरघळलेलं मीठ

"मोटर फिरते रे, पण हूं नाही की चूं नाही," असं म्हणत आत्याने गिरगावातल्या तिच्या खोलीच्या पोटमाळ्यावरून उतरवलेली पेटी माझ्या टेबलावर ठेवली. साठच्या दशकातला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर. झाकण उघडलं तर जुनं रेक्झिन आणि डांबरगोळ्यांचा वास. "व्हॉल्व्ह गेला असणार," हे निदान तिने आधीच करून आणलं होतं. व्हॉल्व्हचं कुठलंही यंत्र गप्प झालं की सगळे हेच म्हणतात, आणि बऱ्याचदा ते चुकतं.

मोटर फिरते यावरून ॲम्प्लिफायरबद्दल काहीच कळत नाही, कारण तबकडी फिरवणारं सर्किट वेगळं आणि आवाज करणारं वेगळं. शिवाय मोटर फिरते हे तिला कळलं याचा अर्थ तिने सरळ प्लग लावून पाहिला होता. हे करायचं नसतं. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच वीज अडवतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर कमजोर होतो. मग एकदम अडीचशे व्होल्ट आले की कंडेन्सर गळू लागतो, तापतो, कधी फुटतोही. म्हणून जुने मेकॅनिक शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे प्लेअरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच लावतात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

आमचा बल्ब मंद झाला. मागची जाळी काढल्यावर काचेच्या दोन नळ्यांत शेंदरी उजेड दिसला. एक ईझी ८०, घरातल्या एसीचं डीसी करणारा. दुसरा ईसीएल ८२, म्हणजे एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह: पहिला बारीक सिग्नल मोठा करतो, दुसरा स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. ६.३ व्होल्टवर तापलेल्या फिलामेंटमुळे कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि दोनशेच्या वर व्होल्ट असलेल्या ॲनोडकडे धावतात. वाटेतली जाळी, म्हणजे ग्रिड, किंचित ऋण झाली की हा ओघ आखडतो, तिचा ऋणपणा कमी झाला की वाढतो. ली द फॉरेस्टने १९०६ साली ही जाळी बसवली आणि कुजबुजीचा गजर करता येऊ लागला. उजेड दिसला म्हणजे फिलामेंट शाबूत, एवढंच. दमलेला कॅथोडही तसाच उजळतो.

आता स्पीकरला कान लावला. अगदी पुसट घूं ऐकू आली. शांतता किती गाढ आहे, याला फार महत्त्व असतं. ही घूंसुद्धा नसती तर स्पीकर किंवा त्याला व्हॉल्व्हशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर संशयित. त्या ट्रान्सफॉर्मरची व्हॉल्व्हकडची बाजू केसासारख्या तारेची असते आणि ती तुटते. ती तुटली की एक गंमत दिसते: ॲनोडला वीज मिळत नाही, तिथे जायचे इलेक्ट्रॉन जवळच्या स्क्रीन ग्रिडवर, म्हणजे आतल्या दुसऱ्या एका जाळीवर आदळतात, आणि ती जाळी तापून लाल होते. असं दिसलं तर ताबडतोब बंद करायचं.

पुढची चाचणी बोटाची. पण त्याआधी एक इशारा: काही स्वस्त प्लेअरमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चेसिसच, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, थेट लाइनला जोडलेली असते. तिथे बोट लावणं म्हणजे २३० व्होल्टला हात लावणं. आमच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर होता, हे मी मल्टिमीटरने तपासून घेतलं. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, हे वेगळं सांगायला नको, पण मी दोनदा झटका खाल्ला आहे म्हणून सांगतो.

आवाजाचं बटण मोठं केलं, टोन आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाची क्लिप कार्ट्रिजपासून (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या डबीपासून) सुटी करून तिला बोट लावलं. घुंऽऽ! आपलं शरीर आजूबाजूच्या वायरिंगमधली ५० हर्ट्झची थरथर टिपणारं अँटेनाच असतं. म्हणजे क्लिपपासून स्पीकरपर्यंत सगळी वाट मोकळी. ऑटोमॅटिक चेंजरमध्ये तबकडी बदलताना कार्ट्रिज शॉर्ट करणारा एक छोटा स्विच असतो. तो अडकला की प्लेअर कायमचा मुका होतो. घूं आली म्हणजे तोही सुटला. राहिलं कार्ट्रिज.

तबकडी लावली, आवाज बंद करून पिन टेकवली. सुईपाशी कान नेला तर नाट्यगीत चक्क ऐकू येत होतं, डब्यात कोंडल्यासारखं. सुई थरथरत होती. पण त्या थरथरीची वीज होत नव्हती.

त्या काळच्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असे. खायचं मीठ नव्हे, पोटॅशियम सोडियम टार्टरेट. चिंचेला आंबट करणाऱ्या टार्टारिक आम्लाचंच भावंड. फ्रान्समधल्या ला रोशेल गावी सतराव्या शतकात पिएर सेन्येत या औषधवाल्याने ते बनवलं आणि ते जुलाबाचं औषध म्हणून खपलं! १८८० साली पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो. क्वार्ट्झ, टूर्मलिन, साखरसुद्धा. पण रोशेल मीठ या सगळ्यांत फार पुढे. खाचेतल्या सुईने स्फटिकाची चकती जराशी पिळली की अर्धा-एक व्होल्ट सहज मिळतो. चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देतं, त्यासाठी वेगळा प्रीअँप, म्हणजे आधीचा छोटा ॲम्प्लिफायर लागतो. एका ईसीएल ८२ वर अख्खा प्लेअर चालायचा तो या मिठाच्या जोरावर.

पण मीठ ते मीठच. हवेत ओलावा साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेला की ते पाणी शोषून विरघळू लागतं, आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःतलं पाणी गमावून बसतं. मुंबईचे इतके पावसाळे आणि पत्र्याखालचा पोटमाळा! सुरीच्या टोकाने मी कार्ट्रिज उघडलं. काळ्या प्लास्टिकच्या कवचात चकतीच्या जागी पांढरट चिकट लगदा होता, ओल्या पिठीसाखरेसारखा.

त्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवलं. तत्त्व तेच, पण ते ओलीला दाद देत नाही. वीज मात्र कमी देतं. जुने कागदी कंडेन्सरही बदलून टाकले, कारण ते गळले की ईसीएल ८२ चा बळी घेतात. आत्या ऐकायला आली, बटण पाऊण फिरवून म्हणाली, "पूर्वी एवढा मोठा करावा लागत नव्हता हं."