घुंगरू बांधण्याआधी काय खाल्लंस?

डिसेंबर उजाडला की आमच्या जळगावच्या घरात रोज रात्री साडेआठला एकच प्रसंग घडतो. भाची कथकच्या वर्गावरून येते. नाक लाल, आवाज बसलेला, खांद्याला घुंगरांची पिशवी. जानेवारीत स्नेहसंमेलन असतं, म्हणून रोज दोन-अडीच तास रियाज चाललेला. ती आत पाऊल टाकते न टाकते तोच आजी विचारते, "काय खादं व माय आज?"

उत्तर ठरलेलं. सकाळी पोहे. दुपारी काही नाही, कारण पोट जड झालं की चक्कर घेताना त्रास होतो. वर्गाआधी चहा-बिस्किट. आणि पिशवीतून निघते ती संत्र्याच्या चवीच्या, पाण्यात फसफसणाऱ्या 'इम्युनिटी'च्या गोळ्यांची नळी. मैत्रिणींमध्ये सगळ्यांकडे आहे म्हणे.

त्या नळीपेक्षा आजीचा प्रश्न मला जास्त शास्त्रीय वाटतो. का, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो.

आधी थंडीचं बघू. सर्दी होते विषाणूंमुळे, आणि ती करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांतला सगळ्यात नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. पण म्हणून थंडीला अगदीच निर्दोष सोडता येत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांनी 2015 साली उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग केले. शरीराच्या आतल्या 37 अंशांना या पेशी विषाणूला चांगला प्रतिकार करत होत्या. 33 अंशांना, म्हणजे आपल्या नाकाच्या पोकळीत साधारण जितकं तापमान असतं तितक्याला, तो प्रतिकार ढिला पडला. खानदेशात हिवाळ्यात दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. संध्याकाळी वर्गाच्या खिडक्या बंद होतात आणि एका खोलीत पंधरा-वीस मुली धापा टाकत नाचतात. बसल्या जागी आपण मिनिटाला पाच-सहा लिटर हवा आत घेतो. जोरात नाचताना ती आठ-दहा पट होते, आणि बरीचशी तोंडावाटे. नाकात हवा गरम आणि ओलसर होते, गाळली जाते. तोंडाने घेतली की ती सोय बरीच कमी होते. म्हणजे नाचणाऱ्याला विषाणू भेटण्याची संधी मुळातच जास्त.

आता प्रतिकारशक्ती 'वाढवण्या'बद्दल. हा शब्दच मला खटकतो. नाक गळणं, शिंका, अंग मोडून येणं हे बहुतांशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेचे उद्योग असतात. ती बेसुमार वाढवली तर सर्दी जास्त त्रासदायक होईल, कमी नाही. जास्तीची ताकद तिला नकोच असते. तिला हवा असतो वेळेवर शिधा. नव्या पेशी बनवायच्या, प्रतिपिंडं बनवायची, तर प्रथिनं लागतात, लोह आणि जस्त लागतं, आणि हे सगळं चालवायला ऊर्जा. शिधा तुटला की ती काटकसर करते.

फार व्यायामाने प्रतिकारशक्ती खालावते का, हा वादही मजेदार आहे. 1987 सालच्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन या संशोधकाने धावपटूंना विचारलं, आठवडाभरात आजारी पडलात का? पळालेल्यांपैकी 12.9 टक्के हो म्हणाले. सराव केला पण शर्यतीत उतरले नाहीत, अशांमध्ये हे प्रमाण 2.2 टक्के होतं. दमवणाऱ्या व्यायामानंतर काही तास रक्तातल्या लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या घटते, हे तर प्रयोगशाळेत दिसतंच. त्यावरून एक समज रुजला की व्यायामानंतर काही काळ शरीराची खिडकी विषाणूंसाठी सताड उघडी राहते.

2018 मध्ये बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी या समजाला जोरदार हरकत घेतली. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा शहाद्याच्या ठाण्यात जाऊन कोणी पोलीस मोजले, तर तालुक्यातले पोलीसच संपले असं त्याला वाटेल. ते बंदोबस्ताला गेलेले असतात. त्यांच्या मते या पांढऱ्या पेशींचंही तसंच. त्या रक्तातून फुप्फुसं, आतडी अशा जागी जातात, जिथे घुसखोरीची शक्यता जास्त. मग मॅरेथॉनवाले आजारी का पडले? एक तर ते आजार कोणी तपासून खात्री केलेले नव्हते, त्यांनी स्वतः सांगितलेले होते. शिवाय हजारोंची गर्दी, प्रवास, अपुरी झोप, खाण्याची आबाळ. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात नर्तकीचं जे होतं, ते हेच सगळं. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. नाच हा काही गुन्हेगार नाही. उपाशी नाचणं आणि जागून नाचणं यांच्याकडे बोट दाखवायला हवं.

याला आकड्यांची जोड देतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली खेळाडूंमधल्या ऊर्जेच्या तुटीबद्दल एक निवेदन काढलं आणि 2023 मध्ये ते सुधारलं. कल्पना सोपी आहे. दिवसभरात जितकं खाल्लं त्यातून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करा. उरलेल्यात हृदय, मेंदू, हाडं, पाळी आणि प्रतिकारयंत्रणा या सगळ्यांचा संसार चालायचा असतो. चरबी सोडून शरीराचं जे वजन, त्याच्या किलोमागे रोज 30 किलोकॅलरींच्या खाली ही शिल्लक गेली की धोका वाढतो, असं साधारण मानतात. रेघ काटेकोर नाही, माणसागणिक हलते.

भाचीचं वजन 50 किलो धरा, चरबी सोडून 40. म्हणजे किमान शिल्लक 1200 हवी. दोन-अडीच तासांच्या रियाजात पाचशेच्या आसपास खर्च. म्हणजे सतराशेच्या खाली गेलं की शरीर कुठेतरी कात्री लावणार, आणि ही झाली धोक्याची रेघ. चांगलं चालायला याहून बरंच जास्त लागतं. पोहे, चहा-बिस्किट आणि रात्री दोन पोळ्या-भाजी याची बेरीज हजाराच्या थोडी पुढे सरकली तरी खूप. गंमत अशी की अशा मुली बारीक दिसतातच असं नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. पाळी लांबते किंवा थांबते, महिन्यातून दोनदा घसा धरतो, पायाचं दुखणं बरं व्हायला वेळ लागतो. पाळी लांबली तर 'नाचामुळे होतं असं' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

मार्गशीर्षात आणखी एक भर पडते, गुरुवारची. उपास करायचा तर खुशाल करावा, पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. खिचडीत जे काही प्रथिन असतं ते शेंगदाण्याचं. तेव्हा कूट हात सैल सोडून घाला, सोबत दही किंवा दूध घ्या. सर्दीत दुधाने कफ वाढतो असं घरोघरी म्हणतात, पण 1990 साली ऑस्ट्रेलियात 60 जणांना मुद्दाम ऱ्हायनोव्हायरसची लागण करून त्यांचा कफ मोजला, तेव्हा दूध पिण्याशी त्याचा संबंध सापडला नव्हता.

आता खरं जेवण. हिवाळ्यात खानदेशात भरताचा हंगाम असतो. आसोदा, बामणोदकडची हिरवट-पांढरी मोठी वांगी शेतातच काड्यांच्या जाळावर भाजायची, ठेचायची, वरून कांद्याची पात, मिरची, लसूण, शेंगदाणे आणि तेल. सोबत कळण्याची भाकरी. लोक भरताचं कौतुक करतात, पण पोषणाच्या हिशोबात वांगं बिचारं पाणीदार. खरी कमाई भाकरीत आहे. कळणा म्हणजे ज्वारी किंवा बाजरी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेले. प्रथिनं अमिनो आम्लांच्या विटांनी बनतात. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल तोकडं पडतं, ते उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन ही दुसरी वीट कमी, ती धान्यात आहे. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. अमिनो आम्लं कोणाला माहीत नव्हती तेव्हापासून आमच्याकडे हे पीठ दळलं जातंय. अर्थात ते शास्त्र म्हणून नव्हे, चवीला आणि पोटाला धरून राहतं म्हणून.

या भाकरीत लोहही आहे, पण वनस्पतींतलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. लिंबू पिळलं किंवा सोबत क जीवनसत्त्वाचं काही खाल्लं की शोषण वाढतं. जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. हे फार बारीकसारीक वाटेल, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या. नृत्याच्या वर्गातल्या मुली याच वयाच्या.

क जीवनसत्त्वाचं नाव निघालंच आहे तर त्या फसफसणाऱ्या नळीकडे येतो. 1970 साली लायनस पॉलिंग या दोन नोबेल मिळवलेल्या माणसाने क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्या, सर्दी टळेल, असा प्रचार सुरू केला. 2013 मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अकरा हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सर्वसाधारण लोकांत रोज गोळ्या घेऊनही सर्दीचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं. मोठ्यांचे आजारपणाचे दिवस तेवढे सुमारे 8 टक्क्यांनी घटले. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करण्याचा खात्रीचा फायदा दिसला नाही. पण एक अपवाद होता. मॅरेथॉन धावणारे, बर्फात सराव करणारे सैनिक, स्कीअर अशा 598 जणांमध्ये सर्दीचा धोका जवळपास निम्म्यावर आला. नर्तकी या गटात बसते का? दोन तास रियाज करणारी बहुधा नाही. रोज सहा-सात तास नाचणारी कदाचित बसेल. आणि त्या चाचण्यांतले डोस बरेचसे दिवसाला पाव ते एक ग्रॅम इतके होते. एक बरासा पेरू खाल्ला की पाव ग्रॅमच्या आसपास पोचता येतं. आपल्याकडे बाईमाणसाची रोजची गरज 65 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे अर्ध्या पेरूतच काम झालं. थंडीत पेरू, आवळे, बोरं गल्लोगल्ली हातगाडीवर असताना नळी विकत घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

नंदुरबारकरांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात पहिल्यांदा मिळवलं गेलं ते मिरचीच्या जातकुळीतूनच. हंगेरीतलं सेगेद हे गाव पाप्रिका मिरचीचं, जसं आपलं नंदुरबार. तिथे अल्बर्ट सेंट-ग्योर्गी नावाचा शास्त्रज्ञ काम करत होता. एका रात्री बायकोने ताटात ताजी पाप्रिका वाढली. त्याला ती खायची नव्हती, म्हणून तपासतो असं सांगून ती घेऊन तो प्रयोगशाळेत सटकला, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. तोवर ग्रॅमने मिळणारा पदार्थ मग किलोने मिळू लागला, आणि 1937 चं नोबेल त्याला मिळालं. मात्र हे ताज्या मिरचीचं झालं. नंदुरबारच्या पथारीवर उन्हात वाळली की तिच्यातलं बहुतेक क जीवनसत्त्व जातं, लाल रंग आणि तिखटपणा राहतो. हिरव्या मिरचीच्या ठेच्यात थोडं टिकतं, पण ठेचा खाऊन खाऊन खाणार किती? ठेच्यातल्या लसणाबद्दलही बोलबाला मोठा आहे. त्यामागे भरवशाची म्हणावी अशी एकच छोटी चाचणी आहे, तीही लसणाच्या गोळ्यांची. चवीसाठी खा.

राहिलं केळं. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून 'थंडीत केळं नको, सर्दी होते' असं म्हणणारी माणसं आहेत. केळ्याने सर्दी होते याला आधार नाही. उलट रियाजाआधी तासभर खायला याहून सोपं काही नसेल. एका मध्यम केळ्यात 25-27 ग्रॅम कर्बोदकं असतात, पोट जड होत नाही. व्यायामात रक्तातली साखर टिकून राहिली की कॉर्टिसोलसारखी ताणाची संप्रेरकं कमी उसळतात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. मॅरेथॉनवाल्या त्याच नीमनने 2012 मध्ये सायकलपटूंना 75 किलोमीटर पळवलं, एकदा केळी देऊन आणि एकदा ऊर्जापेय देऊन. दोन्ही वेळची कामगिरी सारखीच. पैसा केळी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा होता, हेही सांगून टाकतो. निष्कर्ष मात्र न पटण्यासारखा नाही.

ज्यांना दुपारचं ताट खरोखर जड होतं, त्यांच्यासाठी डिंकाचा लाडू आहे. डिंकात जादू नाही. खोबरं, खारीक, तूप, गूळ हे सगळं लिंबाएवढ्या आकारात बसवलेलं असतं, एवढाच त्याचा गुण, आणि ऊर्जेची तूट असलेल्या मुलीला नेमका तोच हवा. रियाजाआधी मात्र शेवभाजी नको. तर्री घशाशी येत असताना तत्कार, म्हणजे कथकमधला पायांचा ठेका, कसा पडतो, हे एकदा अनुभवलेली मुलगी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

खाण्याने भरून न निघणारी गोष्ट झोप. 2015 मध्ये अमेरिकेत 164 निरोगी माणसांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सोडला. त्याआधी आठवडाभर त्यांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. हे वाचलं तेव्हा मला यात्रेतल्या फडावरच्या बायका आठवल्या. उघड्यावर, धुळीत, पहाटेपर्यंत नाचायचं, मग गाडीतल्या सामानावर डोकं टेकायचं आणि दुपारी पुढचं गाव. त्यांना पेरू खा म्हणून सांगणाऱ्याने आधी त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था बघावी.

ताप असेल, छातीत घरघर असेल, अंग ठणकत असेल तर मात्र त्या दिवशी घुंगरू बांधायचेच नाहीत. तापात जोरदार श्रम केले तर क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. नुसतं नाक गळत असेल तर हलका रियाज चालतो, मागच्या ओळीत, जरा अंतर ठेवून.

भाचीचं आता एवढं ठरलंय. दुपारी अर्धी का होईना कळण्याची भाकरी, साडेपाचला केळं, आणि आल्यावर गरम वरण-भात. नळी अजून पिशवीत आहे. चव आवडते म्हणाली.