हालश्टाट

ऑस्ट्रियाच्या ओबरऑस्टराइश प्रांतातील साल्झकामरगूट या डोंगराळ मुलखातले एक छोटे बाजारगाव. लोकसंख्या आठशेच्या आत. डाखश्टाइन पर्वतराजीच्या पायथ्याशी, हालश्टाट सरोवराच्या पश्चिम काठावर ते वसले आहे. डाखश्टाइनचे सर्वोच्च शिखर २,९९५ मी. उंच, तर सरोवराची कमाल खोली सुमारे १२५ मी. कडा आणि पाणी यांच्या मध्ये जमिनीची जेमतेम एक पट्टी उरते. त्यामुळे घरे कड्याला पाठ टेकून एकावर एक चढत गेली आहेत. बाहेरून गाडीरस्ता आला तो १८९० मध्ये. तोवर होडी किंवा डोंगरातली पायवाट हाच मार्ग होता. रेल्वेस्थानक तर आजही समोरच्या काठावर आहे आणि गाडीतून उतरलेला प्रवासी नावेनेच गावात येतो.

अशा अडचणीच्या जागी माणसे टिकून राहिली ती मिठामुळे. मराठी वाचकाला मीठ म्हटले की कोकणातली मिठागरे आठवतात. इथले मीठ मात्र सैंधवासारखे खडकातले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर आल्प्सच्या घडणीत उचलले गेले आणि गावाच्या माथ्यावरील उंच दरीत, डोंगराच्या पोटात अडकून राहिले. तेथे सापडलेले हरणाच्या शिंगाचे खणण्याचे हत्यार सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचे आहे. कांस्ययुगात खाण चांगलीच खोल गेली होती. त्या काळचा एक लाकडी जिना २००० नंतरच्या उत्खननात मिळाला. त्याच्या लाकडातील वर्षवलये मोजल्यावर झाडे इ. स. पू. १३४४–१३४३ मध्ये तोडल्याचे निघाले. मिठाने लाकूडच नव्हे, तर लोकरीचे कापड, चामड्याच्या पाठपिशव्या, मशालींचे तुकडे आणि खाणकऱ्यांची विष्ठासुद्धा राखून ठेवली आहे. बाजरीवर्गीय धान्य, सातू आणि कडधान्य हा त्यांचा आहार होता, हे त्यावरूनच कळते. राजांच्या थडग्यांऐवजी श्रमणाऱ्या माणसाचे रोजचे जगणे इतके जवळून दाखवणारी स्थळे जगात फार थोडी आहेत. १७३४ मध्ये खाणीत एका प्रागैतिहासिक खाणकऱ्याचे मिठात टिकलेले शव मिळाले होते. पण त्याचे मोल तेव्हा कोणाला कळावे? ते पुरून टाकले गेले, आणि ही हानी कधीच भरून निघणारी नाही.

त्याच उंच दरीतल्या प्रागैतिहासिक दफनभूमीच्या वाट्याला मात्र योहान गेओर्ग राम्साउअर भेटला. खाणीचा हा अधिकारी पुरातत्त्वाचे शिक्षण घेतलेला नव्हता. तरीही १८४६ ते १८६३ या काळात त्याने ९८० थडगी उघडली, प्रत्येकाची नोंद ठेवली आणि मांडणीची जलरंगातील चित्रे काढवून घेतली. तलवारी, कांस्यपात्रे, बाल्टिक किनाऱ्याकडील अंबर (झाडाच्या राळेचे अश्मीभूत खडे), हस्तिदंत अशा वस्तूंवरून मिठाच्या बदल्यात किती दूरचा माल इथे पोचत होता ते दिसते. मध्य युरोपातील आद्य लोहयुगाला (सुमारे इ. स. पू. ८००–४५०) ‘हालश्टाट संस्कृती’ हे नाव याच गावावरून मिळाले.

रोमन काळात सरोवराकाठी वस्ती होती. १३११ मध्ये गावाला बाजाराचे हक्क मिळाले. खारे पाणी आटवायला लाकूड अफाट लागे आणि जवळची जंगले पुरेनात. तेव्हा १५९५ ते १६०७ दरम्यान पोखरलेल्या ओंडक्यांची सुमारे ४० किमी. लांबीची नळवाहिनी एबेनझे या गावापर्यंत टाकून खारे पाणीच लाकडाकडे नेण्यात आले. १७५० च्या आगीत गावाचा लाकडी मध्यभाग जळाला. आज दिसणारा चौक त्यानंतर उभा राहिला.

जागेची टंचाई मृतांनाही चुकली नाही. गावची दफनभूमी अपुरी पडू लागल्याने काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून थडगे दुसऱ्यासाठी मोकळे करण्याची रीत पडली. कवट्या उन्हात पांढऱ्या होऊ देत आणि मग त्यांवर नाव, मृत्यूचे साल व फुलापानांची माळ रंगवीत. संत मिखाएलच्या चॅपेलखालील अस्थिगृहात अशा सुमारे १,२०० कवट्या असून निम्म्याहून अधिक रंगवलेल्या आहेत. पाहणाऱ्याला हे प्रथम भयाण वाटते. पण आपले माणूस निनावी होऊ नये एवढीच त्यामागची माया आहे.

१९९७ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गावाची प्रतिकृती उभारली गेली. हंगामात एका दिवसात हजारो पर्यटक येतात आणि अरुंद गल्ल्यांत रहिवाशांनाच चालणे कठीण होते. गर्दीवर मर्यादेची त्यांची मागणी रास्तच आहे. खाण अजून चालू आहे. डोंगरात पाणी सोडून मीठ विरघळवतात आणि ते खारे पाणी आजही नळाने एबेनझेकडे जाते.