पाऱ्याची ट्यूब आणि एलईडी ट्यूब: ओळखायची कशी, द्यायची कुठे

भिंतीवरची चार फुटी पांढरी ट्यूब जुनी फ्लुरोसंट आहे की एलईडी, हे खाली उभं राहून पटकन सांगता येत नाही. दोघींची लांबी तीच, दोन्ही टोकांना दोन-दोन पिना, आणि जुन्या पट्टीत दोन्ही बसतात. काचेच्या नळीतली एलईडी असली तर मुरलेला वायरमनही आधी लेबल बघतो. फरक आतला आहे. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, एलईडीत नसतो. त्यामुळे एकीला शेवटपर्यंत न फुटता ठेवावं लागतं, दुसरीच्या बाबतीत ती काळजी नाही. गोंधळ होतो तो इथे. दोन्ही एकाच पोत्यात भरल्या जातात, आणि पोतं उचलून टाकलं की पाऱ्याच्या ट्यूबा हमखास फुटतात.

फ्लुरोसंट ट्यूबच्या दोन्ही टोकांना टंगस्टनची बारीक फिलामेंट असते. नळीत कमी दाबाचा वायू आणि थोडासा पारा. नळीतून वीज वाहिली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत; काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडले की त्यांचा उजेड होतो. म्हणजे पाऱ्याशिवाय ही ट्यूब पेटूच शकत नाही. 36 वॅटच्या ट्यूबमध्ये साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड 40 वॅटच्या नळीत त्याहून बराच जास्त. सीएफएलचं तंत्र हेच, फक्त नळी वळवलेली. एलईडीत निळा उजेड देणाऱ्या चिपवर पिवळसर थर असतो, मागे चिपला हवी तशी वीज पुरवणारा छोटा ड्रायव्हर. संपलं. पारा कुठेच लागत नाही.

ओळखायची असेल तर मेन स्विच बंद करून ट्यूब काढा आणि छापलेले वॅट वाचा. चार फुटी ट्यूबवर 36 किंवा 40 असेल तर ती पाऱ्याची. बोटाएवढ्या बारीक चार फुटी ट्यूबवर 28 असेल तर तीही पाऱ्याचीच. कमी वॅट बघून तिला एलईडी समजू नका. चार फुटी एलईडी साधारण 18 ते 22 वॅटची असते. पण दोन फुटी ट्यूबला हा हिशेब लागू नाही, कारण दोन फुटी फ्लुरोसंटही 18 किंवा 20 वॅटचीच यायची. लांबी आणि वॅट दोन्ही एकत्र बघायचे ते यासाठी. टोकं काळी पडलेली असतील तर शंकाच नको, ती फ्लुरोसंट. एलईडीचं टोक तसं काळं पडत नाही. बऱ्याच नळ्यांवर वर्तुळात रोमन लिपीत एच-जी छापलेलं असतं, ती पाऱ्याची खूण. एलईडीवर बहुतेक वेळा 220-240 व्होल्ट छापलेलं असतं, आणि एका टोकाजवळ फेज-न्यूट्रल कुठे द्यायचे तेही. मीटर लावून पिनांची कंटिन्यूटी, म्हणजे दोन पिना आतून जोडलेल्या आहेत का ते, बघणं मात्र भरवशाचं नाही. काही एलईडी ट्यूबांच्या एका टोकाच्या पिना आतून जोडलेल्या असतात, आणि मीटर फिलामेंटसारखंच दाखवतो.

बल्बच्या बाबतीत वळ्यांचा किंवा यू आकाराचा सीएफएल कुणीही ओळखेल. फसवतो तो वरून गोल कव्हर असलेला सीएफएल. तो सुरू केला की आधी मंद असतो आणि पूर्ण उजेडाला अर्धा मिनिट तरी घेतो, डिसेंबरातल्या बेळगावच्या थंड सकाळी जास्तच. एलईडी लगेच लागतो. कर्नाटकात 2015 च्या डिसेंबरात ‘होस बेळकु’ योजनेतून स्वस्त एलईडी आले आणि घराघरातले सीएफएल निघाले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते अजून खोक्यात पडून असतील. ते एकदा तपासाच.

जुन्या पट्टीत एलईडी बसवताना होणारी एक चूक मुद्दाम सांगतो. वायरमन चोक आणि स्टार्टर काढतो, आणि एका टोकाच्या दोन पिनांना थेट फेज आणि न्यूट्रल देतो. एलईडीसाठी हे बरोबर आहे. वर्षा-दोन वर्षांनी एलईडी जाते, आणि घरातलं कुणीतरी माळ्यावरची जुनी ट्यूब त्याच पट्टीत बसवतं. आता 230 व्होल्ट सरळ त्या काही ओहमच्या फिलामेंटवर येतात. भपकन जाळ होतो, एमसीबी पडतो, आणि टोकाची काच तडकली तर पारा खोलीत. म्हणून वायरिंग बदललं त्याच दिवशी पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने ‘फक्त एलईडी’ असं लिहायला सांगा. नवीन घर असेल तर पूर्ण एलईडी बॅटनच घ्या, म्हणजे पट्टी आणि दिवा एकत्रच असलेला, त्यात दुसरी ट्यूब बसतच नाही.

पाऱ्याची ट्यूब फुटली तर पहिलं काम झाडू घेणं हे नाही. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर थांबा. खानापूरकडच्या पावसातही खिडकी उघडायचीच. थोडी ओल आली तरी चालेल. मग हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच आणि भुकटी गोळा करा. राहिलेले बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. झाडूने भुकटी उडते आणि झाडूच्या काड्यांत अडकून घरभर फिरते. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, तो पाऱ्याची वाफ गरम हवेबरोबर खोलीतच सोडतो. सगळं, पुठ्ठा आणि ओल्या कागदासकट, झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत घाला. लोणच्याची रिकामी बरणी चालेल. प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ थोडी थोडी बाहेर येत राहते. बरणी बाहेर गॅलरीत ठेवा आणि खोलीला आणखी काही तास वारा लागू द्या. अंथरुणावर काच पडली असेल तर ती चादर धुवायला टाकू नका, कारण पारा मशीनमध्ये आणि तिथून गटारात जातो. चादर काचेबरोबरच टाकायची.

एलईडी फुटली तर यातलं काहीच लागत नाही. वीज बंद करा, काच जपून उचला, तुकडे ई-कचऱ्यात ठेवा.

एका ट्यूबमुळे कुणी आजारी पडेल असं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. काळजी आहे ती सगळ्या मिळून होणाऱ्या साठ्याची. हजार ट्यूबा फुटल्या की तीन-पाच ग्रॅम पारा मोकळा होतो, आणि तो नाहीसा होत नाही. पाण्यात गेला की गाळातले जिवाणू त्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी संयुग करतात. ते माशांत साठतं, आणि लहान माशांपेक्षा मोठ्या माशांत जास्त. बेळगावचं सांडपाणी घेऊन जाणारा बळ्ळारी नाला पावसात शहापूर-वडगावच्या शेतांत शिरतो, पुढे मार्कंडेय नदीला मिळतो, आणि मार्कंडेय गोकाकजवळ घटप्रभेला. नाल्याकाठी टाकलेली फुटकी ट्यूब या वाटेला लागते.

न फुटलेली ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला. नवी आणली की जुनी त्याच खोक्यात, इतकी साधी सवय पुरते. खोका नसेल तर चार फुटांहून थोडा लांब पीव्हीसी पाइप घ्या आणि दोन्ही टोकांना कापड कोंबा. कोपऱ्यात उभी ठेवू नका, ती पडतेच. माळ्यावर आडवी ठेवा. अनेक ट्यूबा चिकटपट्टीने एकत्र बांधल्या तर सोडवताना फुटतात. गणपतीत मांडवाच्या बांबूला ट्यूबा बांधणाऱ्या मंडळांनी उतरवतानाच हे खोके हाताशी ठेवावेत, कारण उतरवताना घाई असते आणि फुटतात त्या तेव्हाच.

घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट घरगुती धोकादायक कचऱ्यात धरले होते. म्हणजे ओला नाही, सुका नाही, वेगळा. घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या. खोक्यावर मराठीत आणि कन्नडात ‘पारा, काच’ लिहा, गाडीवर दोन्ही भाषांची माणसं असतात. गाडीत सरळ फेकली तर दाबताना ती फुटणारच, आणि वाफ सगळ्यात आधी त्या कामगाराच्या नाकात जाणार. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांत फ्लुरोसंट दिवे येतात, आणि वापरून झालेला माल नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. उद्यमबागचा कारखाना, निपाणीची वखार, शाळा, दवाखाना, जिथे एका वेळी पन्नास-शंभर ट्यूबा बदलतात, तिथे खरेदीच्या ऑर्डरमध्येच जुन्या परत नेण्याची अट घाला. रिसायकलरला माल देताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर त्याची नोंदणी बघा, दिव्यांसाठी परवानगी आहे ना हे विचारा, आणि पावती घ्या.

भंगारवाल्याला पट्टी आणि चोक द्यायला हरकत नाही. पट्टी पत्र्याची, चोकमध्ये तांबं आणि लोखंड. ट्यूब मात्र देऊ नका. टोकाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या काढायला ती फोडली जाते, बहुतेक वेळा उघड्यावर आणि हातमोज्यांशिवाय. रिसायकलरकडे हेच काम बंद यंत्रात, हवा आत ओढत आणि कार्बनच्या फिल्टरमधून गाळत होतं. काच आणि टोप्या वेगळ्या निघतात. वापरलेल्या ट्यूबमधला बराचसा पारा भुकटीला चिकटलेला असतो, म्हणून ती तापवतात. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो आणि थंड करून परत मिळवता येतो. एलईडीतून अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक आणि सर्किटच्या पट्ट्या निघतात. तिचा ड्रायव्हर गेला असेल तर बाजारातला चांगला दुरुस्तीवाला तो बदलूनही देतो, आधी तिकडे न्या.

चालू असलेली जुनी ट्यूब बदलावी का? माझ्या मते हो. जवळपास निम्मी वीज वाचते, आणि आपल्याकडे येणाऱ्या विजेतली बरीच कुडगी, रायचूर, बळ्ळारीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. कोळशातही थोडा पारा असतो आणि तो धुराड्यातून हवेत जातो. शिवाय 2023 मध्ये जिनिव्हात मिनामाता या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2027 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आहे, म्हणजे सुटी ट्यूब मिळणंही अवघड होत जाईल. फक्त काढलेली ट्यूब कुठे जाणार हे आधी ठरवा, मग शिडी लावा.

आणि कारखान्याच्या शेडमध्ये उंचावर टांगलेले 125 किंवा 250 वॅटचे पांढरे मर्क्युरी बल्ब, मेटल हॅलाइड, रस्त्यावरचे नारिंगी सोडियम, यांतही पारा असतो. मर्क्युरी बल्बमध्ये ट्यूबपेक्षा जास्त. एलईडी फ्लडलाइट बसवताना उतरलेले हे बल्ब ट्यूबांसारखेच खोक्यात, न फोडता ठेवायचे.