संपादन म्हणजे फक्त ऱ्हस्व-दीर्घ नव्हे

‘मजकूर तयार आहे, फक्त शुद्धलेखन बघून द्या.’ कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे. मराठी लेखनाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, असे अठरा नियम काटेकोर पाळूनही पत्र निकामी ठरू शकतं.

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागेल, असा मसुदा घ्या: ‘पावसाळी कालावधीत मासेमारीस प्रतिबंध असल्याने सर्व नौका विहित मुदतीत बंदरात आणण्याची कार्यवाही करण्यात यावी.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण विहित मुदत कोणती? कार्यवाही कोणी करायची? आणि ‘सर्व नौका’ तर चक्क चूक आहे, कारण बंदी यांत्रिक नौकांना असते, बिगरयांत्रिक होड्यांना नाही. वल्ह्याच्या होडीवर पोट असलेला माणूस हे वाचून विनाकारण घरी बसेल. हे मला फार लागतं.

संपादक आधी हे प्रश्न विचारतो, उत्तरं मिळवतो, मग लिहितो: ‘१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तांडेल-मालकांनी नौका त्याआधी बंदरात आणाव्यात. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही.’

संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस पहिल्या मसुद्याला बिनचूक म्हणेल. त्यातली ‘सर्व’ ही चूक पकडायला बंदी कोणाला लागू होते ते ठाऊक असावं लागतं, निदान बंदरावर फोन करून विचारावं तरी लागतं. माझ्या मते संपादनाचा अर्धा वेळ या विचारपुशीतच जातो, आणि तो जायलाच हवा.