कानातली शिट्टी: आवाजाने झाकायची की अंगवळणी पाडायची?

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडे घराघरांत कुलर सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत रात्रभर घरघरत राहतो. ज्यांच्या कानात कायम शिट्टी वाजते, त्यांना या दोन-अडीच महिन्यांत झोप बरी लागते. पाऊस आला, कुलर बंद झाला की हीच मंडळी क्लिनिकात येतात: "मॅडम, आवाज एकदम वाढला." ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करावी तर आलेख मागच्याच वर्षीचा. शिट्टी आहे तेवढीच असते. ती झाकणारा आवाज तेवढा गेलेला असतो.

दुसरी तक्रार याच्या बरोबर उलटी. कोणाला तरी कानात बसवायचं आवाजाचं यंत्र दिलेलं असतं, किंवा फोनवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवायला सांगितलेलं असतं. आठ दिवसांत यंत्र परत येतं. "काही उपयोग नाही. शिट्टी तर अजून ऐकू येतेच!" अहो, ती ऐकू यायलाच हवी होती. तसंच ठरवून तो आवाज बारीक ठेवला होता.

साउंड थेरपी या एकाच नावाखाली दोन वेगळे उपचार चालतात. एकात बाहेरचा आवाज शिट्टीला झाकतो. त्याला मास्किंग म्हणतात. दुसऱ्यात तो शिट्टीच्या बरोबरीने बारीक चालू राहतो, म्हणजे काही महिन्यांत मेंदू तिच्याकडे लक्ष देणं सोडून देतो; हे हॅबिच्युएशन. यंत्र तेच, फोन तोच, पावसाचा आवाजही तोच. फरक पडतो तो आवाज किती मोठा ठेवला आणि किती काळ ठेवला यात. पेशंट एका उपचाराची फूटपट्टी दुसऱ्याला लावतात, आणि खरं सांगायचं तर यंत्र विकणारेही पुष्कळदा तेच करतात.

आधी शिट्टीबद्दल थोडं. आमच्याकडे येणारे कोणी तिला रातकिडे म्हणतं, कोणी प्रेशर कुकर, आणि शिरपूर-साक्रीकडचा माणूस सरळ सांगतो, "कानमा रातदिन सूं सूं व्हस." यातले बरेच जण जिनिंगमध्ये, दाल मिलमध्ये नाहीतर पॉवरलूमवर वर्षानुवर्षं काम केलेले असतात. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात, आणि त्या परत उगवत नाहीत. साधारण ३००० ते ६००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात कानाकडून मेंदूला येणारा संदेश रोडावतो. मग मेंदू स्वतःच त्या भागाचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि एरवी कळलीही नसती अशी मज्जातंतूंची कुजबुज शिट्टी होऊन ऐकू यायला लागते. धडधाकट कानाच्या लोकांनी आठवडाभर एका कानात घट्ट बोळा घालून ठेवला, तर त्यांतल्या बहुतेकांना असा आवाज येऊ लागतो आणि बोळा काढला की जातो, हेही प्रयोगात दिसलंय. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं. त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. म्हणून शिट्टीला कंटाळून कानात कापूस कोंबणारा आणि खोली बंद करून बसणारा माणूस नेमकी उलटी गोष्ट करत असतो.

आता मास्किंग. याची गोष्ट अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातली, १९७० च्या दशकातली. जॅक व्हर्नन हे श्रवणशास्त्रज्ञ एका पेशंटबरोबर चालत होते. पेशंट स्वतःच डॉक्टर होता. वाटेत एक मोठं कारंजं लागलं आणि तो माणूस तिथून हलेचना, कारण पाण्याच्या आवाजात त्याच्या कानातला आवाज पार नाहीसा झाला होता. त्यातून कानात घालायचे मास्कर निघाले. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, जर्मनीत फेल्डमन यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. बाहेरच्या दोन आवाजांत एकाने दुसऱ्याला झाकायचं तर दोघांचा स्वर जवळपासचा लागतो. कानातल्या शिट्टीला हा नियम लागू होईलच असं नाही. काहींची उंच स्वराची शिट्टी जाड घरघरीतही बुडते, तर काहींची कशानेच बुडत नाही. शिट्टी हा कानात शिरणारा आवाज नाही, मेंदूत तयार होणारा आहे, याचा हा एक पुरावा.

मास्किंगचा मोठा गुण म्हणजे ते ताबडतोब कळतं. आवाज लावला, शिट्टी गेली. काहींच्या बाबतीत आवाज बंद केल्यावरही शिट्टी काही सेकंद, क्वचित काही मिनिटं गप्प राहते. पेशंटच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं त्याला तोड नाही, आणि घोटाळाही तिथेच होतो: त्याला वाटतं, बरा झालो. यूट्यूबवर "दहा मिनिटांत कानातला आवाज बंद" असे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक याच तात्पुरत्या शांततेवर चालतात. मास्किंगचा परिणाम आवाज चालू असेपर्यंत आणि वर जरासा, इतकाच. शिवाय शिट्टी पूर्ण झाकायची तर आवाज मोठा करावा लागतो, दिवसा आजूबाजूच्या गलक्यात अजून मोठा. मग समोरच्याचं बोलणं बुडतं. आधीच कमी ऐकू येणाऱ्याला हे परवडत नाही.

दुसरी वाट पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून आली, आणि लंडनच्या जोनाथन हेझल यांच्या साथीने ती टिनिटस रीट्रेनिंग थेरपी या नावाने उभी राहिली. (टिनिटस म्हणजे हीच कानातली शिट्टी.) त्यांचं म्हणणं असं: शिट्टी पुष्कळांना येते, पण त्रास थोड्यांनाच होतो. शिट्टीची तीव्रता मोजली तर ती बहुतेकांत ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या वर १० डेसिबलच्या आतच भरते, म्हणजे कुजबुजीपेक्षाही हळू. ज्याला ती असह्य होते त्याच्याही बाबतीत हेच. म्हणजे त्रासाचं मूळ तिच्या मोठेपणात नाही. मेंदूने तिला धोक्याची खूण मानलंय, त्यामुळे भीती, चिडचिड, झोपमोड हे सगळं तिला चिकटलंय. ते सोडवलं की शिट्टी असूनही नसल्यासारखी होते.

भुसावळला यार्डाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पाहुणा उतरला तर रात्रभर टक्क जागा असतो, आणि घरचे घोरत असतात. गाड्या दोघांच्या कानांवर सारख्याच येतात. घरच्यांच्या मेंदूने मात्र केव्हाच ठरवलंय की यात उठण्यासारखं काही नाही. आता समजा त्या पाहुण्याला रोज रात्री कानात बोळे घालून झोपवलं. वर्षभर राहिला तरी त्याला गाड्यांची सवय होणार नाही, कारण त्याने त्या कधी ऐकल्याच नाहीत.

म्हणूनच या पद्धतीत शिट्टी पूर्ण झाकायला मनाई आहे. जे कानावर येतच नाही ते अंगवळणी कसं पडणार? आवाज हळूहळू वाढवत नेला की एक जागा अशी येते जिथे शिट्टी आणि बाहेरचा आवाज एकमेकांत मिसळायला लागतात. आवाज ठेवायचा तो या जागेच्या किंचित खाली. दोन्ही ऐकू यावेत, पण शिट्टीची धार बोथट व्हावी, भोवतीची शांतता तिला उठाव देईनाशी व्हावी, एवढंच त्याचं काम. आणि हे दिवसाला सहा ते आठ तास, वर्ष-दीड वर्ष. पहिल्या महिन्यात काहीच फरक वाटत नाही, कित्येकांना तिसऱ्या महिन्यातही नाही. सोबत समुपदेशन हवंच; यास्त्रेबॉफ यांच्या मूळ पद्धतीत तेच मुख्य आहे आणि यंत्र त्याच्या हाताखाली. आपल्याकडे उलट होतं. यंत्राचं बिल फाडलं जातं आणि समजावून सांगायला दहा मिनिटंही मिळत नाहीत.

मग तुम्हाला सांगितलेला उपचार यांपैकी कोणता हे कसं ओळखायचं? आवाज लावून शांत खोलीत बसा आणि शिट्टी शोधा. सापडलीच नाही तर मास्किंग चाललंय. सापडली, पण शोधावी लागली आणि आवाज स्वतः त्रासदायक वाटत नाही, तर तो दुसऱ्या उपचारासाठी लावलेला आहे. दोहोंच्या मध्ये अर्धवट झाकण्याचा पट्टा आहे आणि प्रत्यक्षात बरेच जण तिथेच असतात. त्यात वाईट काही नाही. फक्त, आठ दिवसांत निकाल मागायचा तो पहिल्याकडेच. दुसऱ्याला तेव्हा विचारायचं, "दिवसभरात किती वेळ शिट्टीची आठवणच झाली नाही?" आणि तेही सहा महिन्यांनी. रोज सकाळी उठून "आज आहे का, किती आहे" अशी नोंद ठेवणाऱ्यांना मी ती वही बंद करायला सांगते. शिट्टीकडे लक्ष द्यायची सवय मोडायची आणि तिची रोज हजेरी घ्यायची, हे एका वेळी कसं जमेल?

पुराव्याचं काय? दोघांना समोरासमोर ठेवणारा एक अभ्यास अमेरिकेतल्या १२३ माजी सैनिकांवर झाला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. मास्किंगचा फायदा लवकर दिसला आणि तिथेच थांबला; रीट्रेनिंगचा हळूहळू चढत जाऊन १८ महिन्यांपर्यंत पुढे गेला. इथेच थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण २०१९ मध्ये लष्करी रुग्णालयांतल्या १५१ जणांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला: खरं यंत्र आणि समुपदेशन, नुसतं दिखाऊ यंत्र आणि समुपदेशन, आणि नेहमीची चांगली काळजी, असे तीन गट केले होते. तिन्ही गटांत साधारण निम्म्यांना ठळक आराम पडला आणि गटागटांत फरक सापडला नाही. त्याआधी २०१८ मध्ये कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ८ अभ्यास, ५९० माणसं तपासूनही, साउंड थेरपी काहीच न करण्यापेक्षा किंवा खोट्या यंत्रापेक्षा सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. शिट्टीचा ताण कमी करण्यात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या बोलण्याच्या उपचाराला, आणि त्यानेही शिट्टीचा आवाज कमी होत नाही, तिचा जाच कमी होतो.

या सगळ्यावरून माझं मत असं झालंय की समजावून सांगणं आणि धीर देणं हा खरा उपचार, आणि आवाज त्याची काठी. त्या काठीसाठी मोठी रक्कम मोजू नये. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावला की येणारी खरखर, टेबल फॅन, फोनवरचं फुकट ॲप, यांत यंत्राइतकाच उपयोगी आवाज मिळतो. फोन उशाजवळ ठेवा, इअरबड घालून झोपू नका. काहींना कोणताही आवाज लावला की शिट्टी उलट चेकाळते, भांड्यांचा आवाजही सहन होत नाही. त्यांनी आवाजाचा उपचार आपल्या मनाने करूच नये. कान बिघडू नयेत म्हणून आवाज ऐकण्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, अशी आहे. ९० डेसिबल झाले की आठवड्याला ४ तासच. लग्नाच्या डीजेसमोर उभं राहून हा हिशेब एका संध्याकाळीच संपतो, ते वेगळं. आणि तिबेटी वाट्या वाजवून केलं जाणारं साउंड हीलिंग यांपैकी कशातच बसत नाही. मन शांत होत असेल तर जरूर करा, पण कानाचा उपचार म्हणून पैसे देऊ नका.

कमी ऐकू येत असेल तर मात्र आधी श्रवणयंत्र. इथे मी हट्टी आहे. श्रवणयंत्राने जे आवाज कानापर्यंत पोचत नव्हते ते परत येतात, मेंदूला व्हॉल्यूम ताणायचं कारण कमी होतं, आणि पंखा, रस्ता, घरातली बोलणी यांत शिट्टी आपसूक थोडी झाकली जाते. दोन्ही उपचारांचं काम थोडं थोडं होऊन जातं, वर माणूस चारचौघांत बोलायला लागतो. "अजून एवढा म्हातारा झालो का?" म्हणून जिनिंगमधून निवृत्त झालेले काका श्रवणयंत्र नाकारतात आणि टिनिटसचं महागडं यंत्र मागतात, तेव्हा त्यांच्या मुलाला वेगळं बसवून समजावावं लागतं.

यंत्र असो की ॲप, त्याआधी कान एकदा तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो आणि गोष्ट संपते. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनीन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन यांनीही आवाज सुरू होतो. पण चालू औषध स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आवाज एकाच कानात असेल, सोबत चक्कर येत असेल, किंवा शिट्टीऐवजी नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप ऐकू येत असेल, तर झाकणंही नको आणि सवयही नको. त्यामागे रक्तवाहिनीचा किंवा नसेवरच्या गाठीचा शोध घ्यावा लागतो. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणं बंद होऊन शिट्टी सुरू झाली असेल, तर त्याच दिवशी तिथे पोचा. स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग जास्त. गावात कोमट तेल घालून आठवडा काढून, मग बाजाराच्या दिवशी गाडी मिळेल तेव्हा जाऊ, असं करणाऱ्यांचा तो कान परत न येण्याचा धोका वाढतो.