एच-२ए आणि एच-२बी : एका अक्षराचा घोळ

गेल्या महिन्यात निफाडहून भाच्याचा मेसेज आला, सोबत व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक जाहिरात. "मामा, हे खरंय का बघ ना." वर लाल सफरचंदांचा फोटो, खाली लिहिलेलं – अमेरिकेत सफरचंद तोडणी, एच-२बी व्हिसा, राहणं फ्री, दोन वर्षांत ग्रीन कार्ड, फी फक्त साडेपाच लाख. आता मी इथे अमेरिकेत इतकी वर्षं एच-१बी वर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या व्हिसावर काढली, पण एच-२ म्हणजे मजुरांचा कसलासा व्हिसा असतो यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं. आपल्या लोकांच्या गप्पा सगळ्या एच-१बी च्या, लॉटरी, ग्रीन कार्डची रांग आणि आता ते एक लाख डॉलरच्या फीचं नवीन लफडं. मग दोन-तीन रात्री वाचत बसलो आणि लक्षात आलं की त्या एवढ्याशा जाहिरातीत चूक सुरू होते ती 'बी' या अक्षरापासूनच.

मुळात एच-२ए आणि एच-२बी हे दोघं एकाच आईची पोरं. १९५२ च्या कायद्यात नुसता एच-२ होता, म्हणजे तात्पुरत्या कामासाठी बाहेरून माणूस आणायचा. तेव्हा शेतात खरी गर्दी असायची ती मेक्सिकोहून ब्रासेरो नावाच्या योजनेत येणाऱ्यांची, १९४२ ते १९६४ ही योजना चालली आणि तेवढ्या काळात चाळीस लाखांच्या वर करार झाले. ती बंद झाल्यावर सगळ्यांना वाटलं आता अमेरिकन मजुरांची मजुरी वाढणार, पण कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला मशीन आलं आणि विषय संपला. पुढे १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात मोठा इमिग्रेशन कायदा झाला, सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली, त्याच कायद्यात एच-२ चे दोन तुकडे झाले. शेतीचा तो ए. शेती सोडून बाकीचं तात्पुरतं काम तो बी. म्हणजे सफरचंद तोडणी बी मध्ये बसूच शकत नाही.

दोन्हीची सुरुवात सारखीच असते. मालकाने आधी जाहिरात द्यायची, इथला माणूस मिळत नाही हे लेबर डिपार्टमेंटला पटवून सर्टिफिकेट घ्यायचं, मग इमिग्रेशनकडे अर्ज आणि शेवटी कामगाराने कॉन्सुलेटला जायचं. म्हणजे तुम्ही-आम्ही निफाडहून अर्ज करतो आणि नोकरी लागते असला प्रकारच नाही, अर्ज मालक करतो. व्हिसा त्याच मालकाला बांधलेला, सलग जास्तीत जास्त तीन वर्षं, त्यानंतर देशाबाहेर जायचं. ग्रीन कार्डची वाट यातून आपोआप निघत नाही. आणि कामगाराकडून नोकरीसाठी एक रुपयासुद्धा घ्यायला दोन्हीत बंदी आहे, मालकालाही आणि एजंटालाही.

आता "इथला माणूस मिळत नाही" हे ऐकलं की मला आधी शंकाच आली, मजुरी वाढवा की, येतील माणसं. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतकऱ्यांच्या एका संघटनेचे २०११ चे आकडे बघा. राज्यात पाच लाखांच्या आसपास लोक बेकार, शेतात जागा साडेसहा हजार. एवढ्या बेकारांतून अर्ज करायला पाठवलेले इथले लोक २६८, त्यातले २४५ घेतले, पहिल्या दिवशी उगवले १६३ आणि हंगाम संपेपर्यंत टिकले सात. सातशे नाही, सात. मजुरी दुप्पट केली असती तर आकडा बदलला असता का, बदललाही असता, पण मग काकडी आणि रताळ्याचा भाव काय झाला असता हेही बघावं लागेल.

तर ए आणि बी चा खरा फरक कायदा शेती कशाला म्हणतो इथून सुरू होतो, आणि इथे भारी गमती आहेत. लुईझियानात भातखाचरांतच क्रॉफिश वाढवतात, कोळंबीचा जाडजूड भाऊ समजा. खाचरातल्या पिंजऱ्यातून तो बाहेर काढणारा माणूस ए वर, कारण ती शेती. तोच क्रॉफिश रस्त्यापलीकडच्या कारखान्यात उकडून सोलणारी बाई बी वर, कारण तो कारखाना. जंगलात झाड तोडणारा ए वर येतो आणि तोडलेल्या जागी रोप लावत जाणारा बी वर! म्हणजे आपल्या डोक्याने उलटंच. नर्सरीत रोप वाढवणं शेती, पण तेच रोप कुणाच्या बंगल्यासमोर नेऊन लावलं की ते लँडस्केपिंग, बी. (लँडस्केपिंग हे बी मधलं सगळ्यात मोठं काम आहे, आमच्या कॉलनीत गवत कापायला येणारी मंडळी कुठल्या अक्षराची ते आता मी उगाच मनात ओळखत बसतो.) आणि शेतावर सफरचंदाचा रस काढणं म्हणजे शेतीच, हे तर थेट कायद्यात लिहून ठेवलंय, कुठल्या खासदाराने कुणासाठी घुसवलं असेल देव जाणे.

अक्षर बदललं की दुसरं काय बदलतं, तर आकडा. ए ला मर्यादाच नाही, मालकाला जेवढे सर्टिफाय होतील तेवढे आणा. २००५ ला अशा जागा ४८ हजारांच्या आसपास होत्या, २०२३ ला पावणेचार लाखांच्या वर गेल्या. बी ला मात्र वर्षाला ६६ हजारांची मर्यादा, १९९० च्या कायद्याने घातलेली, अर्धे हिवाळ्याला अर्धे उन्हाळ्याला. तीस-पस्तीस वर्षांत इथली हॉटेलं किती वाढली, बंगले किती वाढले, आकडा तिथेच. २०१७ पासून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी वरून थोडे जादा द्यायची परवानगी देते, अलीकडे ६४,७१६ पर्यंत, पण ते दरवर्षी नव्याने मागायचं. एक एप्रिलपासून माणसं हवी असतील तर जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांत अर्ज टाकायचे आणि मग त्यांची चिठ्ठी निघते. मेरीलँडमध्ये हूपर्स आयलंड म्हणून चिमुकलं बेट आहे, तिथे मेक्सिकोच्या बायका वर्षानुवर्षं येऊन खेकड्याचं मांस काढतात, हाताने, झरझर, ते काम शिकायलाच सीझन जातो. २०१८ ला चिठ्ठीत नंबर नाही लागला आणि तिथल्या बऱ्याच खेकडेवाल्यांना एकही बाई मिळाली नाही. खेकडा शेतात पिकत असता तर हा प्रश्नच आला नसता. २०२० ला कोविडमध्ये ट्रम्पने एच-१बी आणि एच-२बी दोन्हीवर बंदी घातली तेव्हाही ए ला हात लावला नाही. शेतकऱ्याला कोणी दुखवत नाही, हे काय फक्त आपल्याकडेच असतं असं नाही.

तिसरा फरक कामगाराच्या खिशातला, आणि भाच्यासाठी हाच महत्त्वाचा. ए मध्ये मालकाने राहायला जागा फुकट द्यायची, करारातल्या तासांच्या निदान पाऊण भागाचा पगार द्यायचाच, काम कमी निघालं तरी. मजुरीचा दर सरकार ठरवतं, २०२४ ला कॅलिफोर्नियात तासाला १९.७५ डॉलर होता, तेव्हा राज्याचं किमान वेतन १६ होतं (२०२५ च्या ऑक्टोबरात हे दर काढायची पद्धत बदलली आणि बऱ्याच ठिकाणी दर खाली आले, तो वाद चालू आहे). सोशल सिक्युरिटीचा टॅक्सही ए वाल्याला लागत नाही, बी वाल्याला लागतो. बी मध्ये फुकट जागेची सक्ती सहसा नाही, भाडं पगारातून कापता येतं.

त्या कापण्याचं काय होऊ शकतं याची एक गोष्ट आपल्याच लोकांची आहे. कतरिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सासमध्ये तेलाच्या रिग दुरुस्त करायला सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने भारतातून सुमारे पाचशे वेल्डर आणि पाईपफिटर आणले, एच-२बी वर. भरती मुंबईतल्या एजंटामार्फत झाली. प्रत्येकाने दहा ते वीस हजार डॉलर भरलेले, कुणी जमीन विकून कुणी दागिने, कारण सांगितलं होतं ग्रीन कार्ड मिळेल. इथे आल्यावर एका ट्रेलरमध्ये २४ माणसं आणि त्याचे माणशी महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कट. २००८ ला ते लोक काम सोडून बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषणाला बसले. २०१५ ला न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पाच जणांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर द्यायला सांगितलं आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मी हे भाच्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला.

मग म्हणाला, "मामा, मग गायींच्या गोठ्यावर? ती तर शेतीच ना." शेतीच. पण तिथेही नाही, कारण ए असो नाहीतर बी, काम तात्पुरतं पाहिजे, आणि शेतीत तर बहुतेक सीझनचंच. द्राक्षाला सीझन, खेकड्याला सीझन, गायीला कुठला सीझन, ती बारा महिने रोज दोनदा-तीनदा धार काढायला लावते. म्हणून विस्कॉन्सिनसारख्या दुधाच्या राज्यात शेतकऱ्याला माणसांची सगळ्यात जास्त गरज आणि त्याच्याकडेच दोन्हीतलं एकही अक्षर नाही. तिथल्याच विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत निघालं की डेअरीवरचं सुमारे ७० टक्के काम कागदपत्रं नसलेले लोक करतात, दहा हजारांच्या वर माणसं. हे बदलायला २०१९ ला आणि परत २०२१ ला हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, बिल पास केलं होतं, ए व्हिसा थोडा वर्षभराच्या कामाला उघडायचा आणि वर्षानुवर्षं शेतात राबणाऱ्यांना कागद द्यायचे, बदल्यात शेतमालकांना ई-व्हेरिफायची, म्हणजे कामगाराला इथे काम करायची परवानगी आहे का ते ऑनलाईन तपासायची सक्ती. दोन्ही वेळा सिनेटमध्ये, वरच्या सभागृहात अडकलं. बी चा तर त्यात विषयच नव्हता, खेकडेवाले आपले दर जानेवारीला चिठ्ठीकडे डोळे लावून.

लेबर डिपार्टमेंटची सीझनल जॉब्स नावाची साईट आहे, त्यावर दोन्ही अक्षरांच्या सगळ्या नोकऱ्या मालकाच्या नावासकट दिसतात. भाच्याला लिंक दिली, त्याने शोधून वॉशिंग्टन राज्यातल्या एका सफरचंदाच्या बागेची जाहिरात काढली, त्यात ए लिहिलेलं, आणि तो स्क्रीनशॉट त्या एजंटाला पाठवून विचारलं की हे असं कसं. दहा मिनिटांत उत्तर आलं – "सर, ते ए मधलं सफरचंद आहे, आपलं बी मधलं. ते जास्त चांगलं असतं. उद्यापर्यंत फी भरली तर पाच लाखात करून देतो."